दोन घरगुती काटे आणि एक फळी

प्रश्न : ऑटोक्रॉसच्या (छोट्या वळणदार मार्गावरची वेळेशी शर्यत) हॅचबॅकला उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरची एकत्र जोडणी) बसवलेत. चारही चाकांवरचा भार मोजायचाय, पण तयार संच परवडत नाही. माणसांच्या 180 किलोच्या डिजिटल काट्यावर जमेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल, पण एका चाकाला दोन काटे लागतील. चालकासकट पुढच्या चाकावर 300 किलोच्या आसपास भार येतो. काट्यांच्या मध्यांत 40 सेंमी अंतर ठेवा. प्रत्येकावर 18 मिमी प्लायचा तुकडा, त्यावर मधोमध 12 मिमीची सळई आणि सळयांवर 50 मिमी जाड फळी. प्लाय नसेल तर काचेचा काटा कडेला भार आला की फुटतो. चाक फळीच्या मध्यावर घ्या. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे त्या चाकाचा भार. चाक दोनेक सेंमी सरकलं तरी बेरीज बदलत नाही. फळीचं एक टोक काट्यावर आणि दुसरं जमिनीवर टेकवायच्या तरफेच्या जुगाडात तीच चूक थेट आकड्यात उतरते.

काटे फळी ठेवूनच शून्यावर आणा, मग जॅक सोडा. भाराखाली चालू केलेला काटा बहुधा त्या भारालाच शून्य धरतो.

आकडे बिघडतात ते काट्यापेक्षा पातळीमुळे. उरलेली तीन चाकं फळीच्या माथ्याइतक्याच उंच ठोकळ्यांवर हवीत. गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब लावून तपासा. चाकापाशी स्प्रिंगचा ताठरपणा मिमीला 5 किलो धरला, तर एक चाक 4 मिमी वर राहिल्यावर ते आणि त्याच्या कर्णावरचं चाक 5-5 किलोंनी जड होतं, उरलेली दोन तेवढीच हलकी. अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) जोडलेला असेल तर फरक आणखी वाढतो, म्हणून त्याची एक लिंक सोडा.

जॅकवरून उतरताना पुढची चाकं आत ओढलेली राहतात आणि टायर घासून अडकतो. पुढच्या टायरखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे एकावर एक ठेवा, गाडी दाबून हलवा, तीनदा मोजून सरासरी घ्या. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा, पिळला जाणारा आडवा तुळईसारखा भाग) असेल तर तिथे ग्रीस नको. त्या चाकांना पुढूनमागून पाचरी ठोका. गाडीखाली कुणी जायचं नाही. टायरमधली हवा आणि पेट्रोल स्पर्धेतल्याइतकं, चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या.

समजा आकडे आले : पुढे उजवं 294, डावं 298, मागे उजवं 198, डावं 160. एकूण 950. पुढे उजवं अधिक मागे डावं 454, म्हणजे 47.8 टक्के. 50 टक्क्यांसाठी, म्हणजे दोन्ही कर्णांवर सारखा भार यायला, त्या दोन चाकांवर साधारण 10-10 किलो वाढवायचे. वरच्याच ताठरपणाने त्या दोन कोपऱ्यांची उंची 2 मिमी वाढवा, उरलेल्या दोघांची 2 मिमी उतरवा आणि पुन्हा मोजा. स्प्रिंगची बैठक फिरवून पुढचं-मागचं किंवा डावं-उजवं प्रमाण मात्र बदलत नाही; त्यासाठी बॅटरी, स्टेपनी यांची जागाच हलवावी लागते. लिंक शेवटी, गाडी चारही चाकांवर उभी असताना, ताण न देता जोडा.

प्रश्न : ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी नेली तर? – एक वाचक, सांगली

उत्तर : पडताळणीला चांगला. आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी चढवा. तो 5 किंवा 10 किलोंच्या पायरीने दाखवतो, त्यामुळे कोपऱ्यांसाठी निरुपयोगी. पण घरच्या चार आकड्यांची बेरीज त्याच्याशी 20 किलोंनी चुकली, तर आधी काटे तपासा.