डीपी बदलल्यापासून हवा कमी? गॅस भरू नका, आधी ब्लोअर कुठल्या बाजूला फिरतोय ते बघा

तुमची पोस्ट वाचली. गुहागरला दुमजली घर, ५.५ टनाचा डक्टेबल एसी (एकच मशीन, गार हवा डक्टच्या नळांतून खोल्यांत), वरच्या खोल्यांच्या ग्रिलमधून नुसती झुळूक, जाड पाइपवर बर्फ आणि गॅस भरूनही पुन्हा तेच. हे सगळं नेहमीचं. पण मध्येच तुम्ही सहज लिहून गेलात की वादळात डीपी जळाली, नवी बसवली तेव्हापासून हे सुरू झालं. मी तिथेच थांबलो. फिल्टर, डॅम्पर (डक्टमधली हवेची झडप) वगैरे इतरांनी सांगितलंय, आणि ते तुम्ही बघितलंच असणार.

तुमच्या इनडोअरच्या ब्लोअरची, म्हणजे डक्टमध्ये हवा ढकलणाऱ्या पंख्याची, मोटर थ्री फेज (विजेच्या तीन वायरींवर चालणारी, त्यातल्या दोन आलटल्या की उलटी फिरणारी) आहे का? जुन्या मशिनांत पट्ट्यावर चालणारी असते तशी? असेल तर हा माझाच जुना आजार आहे.

आमचं घर मंडणगड तालुक्यात, खाडीच्या बाजूला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा आमच्याकडच्या माडपोफळी झोपल्या, पोल आडवे झाले, आणि वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. वीज आली तर एसी सुरू होईना. नव्या जोडणीत फेजची अदलाबदल झाली होती आणि आउटडोअरमधला फेज रिले (फेजचा क्रम चुकला की मशीन अडवणारा) कॉम्प्रेसरला चालू देत नव्हता. सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला, त्याने आउटडोअरला दोन वायरी आलटून दिल्या, कॉम्प्रेसर लागला, ओटीपी घेऊन गडी गेला. आतला ब्लोअर वेगळ्या स्टार्टरवर (मोटर चालू-बंद करणाऱ्या डब्यावर). तो उलटाच फिरत राहिला.

साधा पंखा उलटा फिरला तर वारा मागे जातो, लगेच कळतं. या ब्लोअरचं तसं नाही. आतला पिंजरा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त बरीच कमी. त्यामुळे ग्रिलला हात लावणाऱ्याला वाटतं, चालू तर आहे. जवळच्या हॉलमध्ये थोडं गार लागतं, लांबच्या खोल्यांत जेमतेम झुळूक.

इथून पुढे जे झालं त्याने आमचं दिवाळं काढलं. कॉइलवरून हवा कमी गेली की आतल्या गॅसला उष्णता मिळत नाही आणि सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या गॅसचा, दाब पडतो. आमचं मशीन आर-२२ या गॅसचं. त्यात दाब ५७-५८ पीएसआयच्या खाली गेला की कॉइलमधला गॅस शून्य अंशाखाली उकळतो, मग आपल्या दमट हवेतलं पाणी कॉइलवर बर्फ होऊन बसतं. बर्फाने उरलीसुरली वाटही बंद. आता गेज लावणाऱ्याला काय दिसतं? काटा खाली. तो म्हणतो गॅस कमी आहे. भरतो, काटा थोडा वर येतो, बिल होतं. काही दिवसांनी पुन्हा बर्फ, पुन्हा तोच काटा, पुन्हा सिलिंडर. गॅस काही पेट्रोल नाही, तो जळत नाही. कमी झाला तर कुठेतरी लीक आहे, ते नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून शोधायचं असतं. ते कोणी केलं नाही. गेजबरोबर सक्शन पाइपचं तापमान घेतलं असतं तरी कळलं असतं. ढोबळमानाने, गॅस कमी असेल तर परतीचा पाइप उकळबिंदूपेक्षा बराच गरम लागतो, हवा कमी असेल तर जेमतेम तेवढाच.

कंपनीच्या फोनवरच्या बाईंचं एकच उत्तर, "सर, डक्ट आमच्या स्कोपमध्ये नाही." डक्टवाला म्हणे मशीनचा प्रॉब्लेम. दोघांच्या मध्ये ब्लोअर कोणाचाच नाही! दर वेळी ओटीपी दिला की कंप्लेंट बंद, आणि नवा माणूस आला की गोष्ट पहिल्यापासून. शेवटी कॉइलमधून न उकळलेला द्रवरूप गॅस परत जाऊन जाऊन कॉम्प्रेसरने मान टाकली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बाकीच्या कंपन्यांची सेंटरंही याहून शहाणी आहेत असा माझा अनुभव नाही.

दोष सापडला तो मोटर रिवायंडिंगवाल्याला. तो आला होता विहिरीवरचा पंप बघायला. वादळानंतर पाणी कमी चढत होतं आणि घरात सगळे फूटव्हॉल्व्हला दोष देत होते. पंप उलटा फिरतोय हे त्याने बघितलं आणि विचारलं, "अहो, घरात अजून थ्री फेजवर काय काय आहे?" वर चढून ब्लोअरचं झाकण काढलं. पत्र्यावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण होता, लाल मातीच्या थराखाली. बोटाने पुसला. पुली बाणाच्या विरुद्ध.

तुम्हीही तेच करा. ब्लोअर बंद करायला लावा आणि थांबता थांबता पुली कुठल्या बाजूला फिरते ते बघा. उलटी असेल तर इलेक्ट्रिशियनकडून फक्त ब्लोअरच्या स्टार्टरवर तीनपैकी दोन वायरी आलटून घ्या. मेनला हात लावू देऊ नका, नाहीतर आता सरळ चालणारा कॉम्प्रेसर उलटा होईल. आणि हवा सुधारली की गॅस पुन्हा तपासून घ्या, वरून भरलेला जास्तीचा काढावा लागेल. मी टेक्निशियन नाही, हे माझ्या घरचं सांगतोय. झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करा, पुली बघण्यापुरताच पुन्हा चालू करा आणि हात लांब ठेवा. मोटर सिंगल फेज निघाली तर तिचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) बंद केल्यावरही झटका देतो.

ब्लोअर सरळ निघाला तर परतीची हवा, म्हणजे खोल्यांतून मशीनकडे परत ओढली जाणारी, बघा. टनाला ३५० ते ४०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) धरा (आपल्या दमट पट्ट्यात ३५० कडे झुकलेलं बरं, ओलावा जास्त निघतो), म्हणजे तुम्हाला साधारण १९०० ते २२०० लागणार. ती सगळी हवा २ बाय २ फुटांच्या एका जाळीतून ओढायची तर वेग मिनिटाला ५०० फुटांच्या आसपास जातो. मला तो ३०० च्या जवळपास बरा वाटतो. शिवाय जाळी पॅसेजमध्ये आणि बेडरूमची दारं बंद, तर हवा परत येणार कुठून? दारं उघडी ठेवून ग्रिलला टिश्यू धरा, फरक दिसला तर दाराखाली फट तरी ठेवा. कौलाखालच्या माळ्यावर फ्लेक्सिबल डक्ट असेल तर उंदरांनी कुरतडलाय का तेही बघा.

फिल्टर मचूळ पाण्याने धुऊ नका, मीठ कॉइलपर्यंत जातं. आणि बर्फ असेल तेव्हा कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता ब्लोअर चालवा.

मोटरवरच्या प्लेटचा फोटो टाका, फेज त्यावर लिहिलेला असतो.