डीएफ म्हणतं ९१ जीबी, डीयू म्हणतं ३८ जीबी. मधले ५३ जीबी कुठे शोधायचे?

डीएफ आणि डीयू या लिनक्समध्ये डिस्कची वापरलेली जागा दाखवणाऱ्या दोन कमांड. तुमच्या प्रश्नातले आकडे आधी एकदा मांडतो. रूट पार्टिशन (‘/’, म्हणजे मुख्य डिस्कभाग) ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमचं, एकूण ९८ जीबी. डीएफच्या मते वापरलेले ९१, शिल्लक २.१, वापर ९८ टक्के. डीयू सगळं मिळून ३८ जीबीच मोजतं. जावा अ‍ॅप्लिकेशनच्या मोठ्या लॉग फाइल्स तुम्ही आरएम या फाइल पुसण्याच्या कमांडने उडवल्या तरी डीएफ हललं नाही, आणि रात्रीपर्यंत सर्व्हिस रीस्टार्ट करायची परवानगी नाही.

फाइलसिस्टिम बिघडली असं समजून एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. दोन्ही कमांड खरं तेच सांगताहेत. डीएफ फाइलसिस्टिमची खातेवही वाचतं: किती ब्लॉक दिले गेले, किती मोकळे आहेत. डीयू गोदामात फिरून दिसतील तेवढी पोती मोजतं, म्हणजे एकेका डिरेक्टरीत शिरून ज्यांना नाव आहे अशा फाइल्सचे ब्लॉक बेरजेत धरतं. त्यामुळे डीएफ जास्त आणि डीयू कमी दाखवत असेल, तर डिस्कवर असं काहीतरी आहे जे जागा खातंय पण डीयूला दिसत नाही.

डीयू कसं चालवलंत तेही पाहा. साध्या युजरने चालवलं असेल तर ज्या डिरेक्टरीत शिरता आलं नाही ती बेरजेतून गळते, आणि एररचा संदेश शेकडो ओळींत हरवून जातो. रूट (सर्वाधिकार असलेला युजर) होऊन ‘डीयू -एक्सएसएच /’ करा. एक्समुळे मोजणी त्याच फाइलसिस्टिमवर राहते, शेजारी माउंट केलेल्या (डिरेक्टरीवर जोडलेल्या) डिस्का त्यात मिसळत नाहीत.

तरीही ३८ च आले, तर तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय उडवलेल्या लॉगवरच आहे. लिनक्समध्ये आरएम फक्त नाव काढतं. त्या फाइलचा आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) आणि ब्लॉक मोकळे व्हायला दोन गोष्टी लागतात: एकही नाव उरलेलं नसणं, आणि एकाही प्रोसेसने ती फाइल उघडी धरलेली नसणं. तुमचं जावा अजून त्याच फाइलमध्ये लिहितंय. म्हणजे ती उडवल्यानंतरही वाढतेच आहे, फक्त कुणाला दिसत नाही.

रूट म्हणून ‘एलएसओएफ +एल१’ चालवा. ज्यांची लिंकसंख्या (नावांची संख्या) शून्य झाली आहे अशा उघड्या फाइल्सची यादी येईल: प्रोसेसचा क्रमांक म्हणजे पीआयडी, त्या प्रोसेसने उघड्या फाइलला दिलेला क्रमांक म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर, आणि आकार. मोठा आकडा कुठला ते लगेच कळेल. समजा पीआयडी ४२१० आणि डिस्क्रिप्टर ७ आहे, तर ती फाइल ‘/प्रॉक/४२१०/एफडी/७’ या वाटेने अजूनही पूर्ण हातात येते. लॉगमधलं काही हवं असेल तर रिकामी करण्याआधी इथूनच सीपीने कॉपी करून दुसऱ्या डिस्कवर घ्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण घाईत रीस्टार्ट केलं की तो मजकूर कायमचा जातो, आणि बिघाडाचं कारण बरेचदा त्यातच असतं.

मग त्याच वाटेवर ‘ट्रंकेट -एस ०’ करून फाइल शून्य आकाराची करा. जागा तिथल्या तिथे सुटते, सर्व्हिसला धक्का लागत नाही. नंतरची तपासणी मात्र डीएफने करा, एलएसओएफच्या आकारावर जाऊ नका. प्रोग्रामने फाइल अपेंड मोडमध्ये (नेहमी शेवटी लिहिण्यासाठी) उघडली नसेल तर पुढचं लिखाण जुन्याच ऑफसेटवर, म्हणजे फाइलमधल्या जुन्याच जागेवर, पडतं आणि फाइल विरळ होते: आकार पुन्हा ५३ जीबी दिसतो, पण मधल्या पोकळीला ब्लॉकच दिलेले नसतात. ‘एलएस -एल’चा आकार आणि डीयूचा आकडा जुळत नाही, त्यामागेही बरेचदा हेच असतं. शंका वाटली तर डीयूला ‘--अपॅरंट-साइझ’ देऊन दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

एक सावधगिरी कळकळीने सांगतो: यादीत मायएसक्यूएल या डेटाबेसच्या उडवलेल्या तात्पुरत्या फाइल्स दिसल्या तर त्यांना हात लावू नका. डेटाबेस त्या मुद्दाम उघडून लगेच अनलिंक करतो (नाव काढून टाकतो), म्हणजे प्रोसेस संपली की त्या आपोआप जाव्यात. त्या रिकाम्या केल्यात तर चालू क्वेरीच्या पोटातला डेटा जाईल. हा उपाय लॉगपुरताच.

पुढे असं होऊ नये म्हणून चालू लॉग आरएम न करता लॉगरोटेट या लॉग ठरावीक वेळी बदलणाऱ्या साधनाकडे सोपवा. सिग्नल मिळाल्यावर लॉग नव्याने उघडायची सोय अ‍ॅप्लिकेशनमध्ये असेल तर त्याच्या पोस्टरोटेट भागात (लॉग बदलल्यावर चालणाऱ्या कमांडमध्ये) तो सिग्नल द्या. नसेल तर कॉपीट्रंकेट हा पर्याय वापरा, तो लॉगची प्रत घेऊन मूळ फाइल रिकामी करतो, मात्र कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी त्यात हरवू शकतात. लॉगबॅकसारखी जावाची लॉग लिहिणारी लायब्ररी स्वतःच फाइल बदलत असेल तर मला तीच वाट सर्वांत आवडते.

एलएसओएफमध्ये मोठं काही सापडलं नाही, तर माउंटखाली दडलेल्या फाइल्स बघा. ‘/बॅकअप’वर वेगळी डिस्क बसते, पण एका रात्री ती माउंट झालेली नसताना बॅकअप स्क्रिप्ट चालली, असं धरा. सगळं रूट पार्टिशनवर लिहिलं गेलं. नंतर डिस्क माउंट झाली आणि जुना ढीग तिच्याखाली झाकला गेला. एक रिकामी डिरेक्टरी करून तिच्यावर ‘माउंट --बाइंड /’ करा आणि तिथे डीयू चालवा. वरची माउंट या वाटेने आड येत नाहीत, त्यामुळे खालचं उघडं पडतं. काम झालं की युमाउंट करायला विसरू नका.

आता तुमच्या डीएफमधला छोटा फरक. ९१ आणि २.१ मिळून ९३.१ होतात, ९८ नाही. राहिलेले ४.९ जीबी म्हणजे ईएक्सटी४ने रूट युजरसाठी राखलेले ५ टक्के ब्लॉक. वापराची टक्केवारीही ९३.१ वरच काढलेली असते आणि वर पूर्णांकाकडे नेलेली असते, म्हणून ९८ टक्के. रूट पार्टिशनवर हा राखीव साठा असू द्या, डिस्क भरल्यावर लॉगिन करून सावरायला तोच कामी येतो. नुसत्या डेटाच्या मोठ्या डिस्कवर तो ‘ट्यून२एफएस -एम १’ने खाली आणायला हरकत नाही.

जागा सुटल्यावरही ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येत राहिलं तर ‘डीएफ -आय’ बघा, ते आयनोडचा हिशेब दाखवतं. ईएक्सटी४मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, आणि लाखो बारीक सेशन फाइल्स साठल्या की जीबी शिल्लक असूनही नवी फाइल बनत नाही.