साहेबांच्या तोंडी आदेशावर औषध घेतलं, आता वसुलीची नोटीस

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी आहे. सर्पदंशाची लस संपलेली असताना रात्री रुग्ण आला. वैद्यकीय अधीक्षकांनी फोनवर सांगितलं म्हणून दरपत्रकं न मागवता गावातल्या मेडिकलमधून १० कुप्या आणल्या. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि मला वसुलीची 'कारणे दाखवा' नोटीस आली. साहेब आता नाही म्हणतात.

उत्तर : 'चूक झाली, माफी असावी' असं मुळीच लिहून देऊ नका, पुढे तीच कबुली धरतात. फाइलमध्ये मागच्या तारखेची टिपणीही घुसवू नका. जावक क्रमांक जुळत नाही आणि साध्या अनियमिततेचं प्रकरण बनावट कागदाचं होऊन बसतं.

वेतनातून नुकसानीची वसुली ही महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे किरकोळ शिक्षा आहे. नियम १० खाली दोषारोपांचं ज्ञापन (आरोप लेखी कळवणारं पत्र) देऊन, तुमच्या निवेदनाचा विचार करूनच ती देता येते. नुसत्या लेखाआक्षेपावर पगार कापता येत नाही.

तुमचा खरा बचाव 'नुकसान' या शब्दात आहे. वसुली होते ती शासनाच्या आर्थिक नुकसानीची; दरपत्रकं नव्हती एवढ्याने नुकसान ठरत नाही. साठा नोंदवहीत त्या दिवशी शिल्लक शून्य होती का, मागणीपत्र आधी कधी पाठवलं होतं, ते काढा. बिलावरचा बॅच क्रमांक, साठ्यातली नोंद आणि रुग्णाच्या केसपेपरवर टोचलेल्या कुप्या, तिन्ही जुळल्या पाहिजेत. १० आणल्या, ८ टोचल्या, तर उरलेल्या २ कुठे गेल्या? चौकशी नेमकी इथेच अडते. दर छापील किमतीच्या आत होता, हेही बिलावरून दाखवा.

तोंडी आदेश ही तुमची कच्ची बाजू. वर्तणूक नियम, १९७९ मधला नियम ३ सांगतो, की वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी घ्यावा, नाहीतर लवकरात लवकर लेखी दुजोरा मिळवावा. तो राहिला, हे लपवू नका. आजच्याच तारखेचं पत्र अधीक्षकांना देऊन दुजोरा मागा, पोच घ्या. कॉल लॉगवरून फोन झाला एवढंच कळतं, बोलणं नाही. म्हणून त्या रात्री ड्युटीवर असलेल्या परिचारिकेचं नाव साक्षीदार म्हणून द्या.

उत्तर मुदतीतच द्या. कागद मिळाले नसतील तर ते मागणारा अर्ज त्याआधी द्या. जे. अहमद प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १९७९ चा निकाल जरूर जोडा : निर्णयातली चूक म्हणजे आपोआप गैरवर्तन नव्हे. जीव वाचवायला धावलेल्या माणसाने हा मुद्दा संकोचाने नव्हे, ठामपणे मांडावा.

तरीही शिक्षा झालीच तर ४५ दिवसांत अपील करा. ते फेटाळलं गेलं तर त्या आदेशापासून एका वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येतं.