वाचक विचारतात : शेततळ्यात प्रोबायोटिक टाकावं का?

प्रश्न : नमस्कार सर, भूम तालुक्यात आमचं 30 बाय 30 चं पन्नीचं शेततळं हाय, 3 मीटर खोल. जुलैत रोहू, कटला, मृगळ मिळून 3000 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, आता दीडशे ग्रॅमची झाली. रोज 20 किलो खाद्य टाकतो. पाणी निम्म्यावर आलंय, लई हिरवं झालंय, वास मारतोय आन् पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. दुकानदार म्हणतो आठवड्याला प्रोबायोटिकचा एक पुडा टाका, सगळं नीट होतंय. घेऊ का?

उत्तर : दादा, घ्या, पण आज नको. आज आधी खाद्य बंद करा. दोन दिवस उपाशी राहून मासा मरत नाही, पहाटे ऑक्सिजन संपला तर मात्र एका रात्रीत सगळं तळं उलटं होऊन तरंगतं.

आता जरा हिशोब बघा, कंटाळवाणा आहे पण दुकानदार तो सांगणार नाही. 20 किलो खाद्यात 28 टक्के प्रोटीन धरलं तर त्यात नायट्रोजन 900 ग्रॅमच्या आसपास येतो. मासा त्यातला फारतर तिसरा हिस्सा अंगी लावतो, उरलेला 600 ग्रॅम कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन, विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात जातो, तोही रोज. निम्म्यावर आलेल्या तुमच्या तळ्यात आठेक लाख लिटर पाणी असेल, म्हणजे दिवसाला लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमची भर. त्यात आपलं बोअरचं पाणी जड, हिरव्या पाण्यात दुपारी पीएच, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्क मोजायचा आकडा, 8.5 च्या वर सहज जातो. 30 अंशाला 7.5 पीएचवर एकूण अमोनियातला अडीच टक्के भाग विषारी असतो, 8.5 वर तोच 20 टक्के. उन्हाळ्यात पाणी घटतं आणि तापतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये फोन जास्त येतात.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू. बॅसिलस तळाचा काळा गाळ खातो. नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतो आणि नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट, जे माशाला फारसं बाधत नाही. पन्नीच्या तळ्यात खाली माती नसते, म्हणून बाहेरून जिवाणू देण्यात अर्थ आहे. पण एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला त्यांना साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे तुमच्या 600 ग्रॅमला पावणेतीन किलो. तो आणायचा कुठून? पाणी हिरवं करणारं शेवाळसुद्धा रात्री ऑक्सिजनच ओढतं. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसताना संध्याकाळी पुडा टाकून झोपलात तर पहाटेच्या आधीच कारभार आटपेल. टाकायचंच तर सकाळी नऊ-दहाला ऊन आल्यावर आणि एरेटर चालू ठेवून. लाईटचा भरवसा नसेल तर डिझेल पंपानं पाणी उडवा, तेही चालतं.

खरा रोग गर्दीचा आहे. हेक्टरी 8-10 हजार बोटुकली असा साधारण हिशोब असतो, तुमच्या 9 गुंठ्याला 900. तुम्ही 3000 सोडली, म्हणून तर इतक्या महिन्यांत दीडशे ग्रॅमवर अडकलीत. निम्म्याहून जास्त विका नाहीतर शेजारच्या तळ्यात हलवा, दीडशे ग्रॅमला भाव येत नाही हे मलाही माहितीय, तरी. मग उरलेल्यांच्या वजनाच्या दोन टक्के खाद्य. एवढं केलं की पुडा कमी लागेल, कदाचित लागणारही नाही. आणि हो, कोरड्या पुडीवर नायट्रोबॅक्टर लिहिलेलं दिसलं की मी दुकानदाराकडं दोनदा बघतो. बॅसिलस बीजाणू, म्हणजे टणक कवचाचं झोपी गेलेलं रूप, करून कोरडा टिकतो, नायट्रोबॅक्टरला ते जमत नाही.

प्रश्न : सर, आमच्या बचत गटाचं तळं गेवराईकडं आहे. काल पोटॅशियम परमँगनेट टाकलंय. उद्या प्रोबायोटिक चालेल का? आणि घरचं ताक-गूळ चालतं का, बायका विचारतात.

उत्तर : ताई, उकळत्या दुधात विरजण लावता का? तसंच आहे हे. परमँगनेट, ब्लीचिंग, जंतुनाशक, जे रोगाचे जंतू मारतं ते विकतचे जिवाणूही मारतं. चार-पाच दिवस जाऊ द्या. मी स्वतः एकदा घाईत दुसऱ्याच दिवशी टाकलं होतं, महागाचा डबा होता, मासे जगले पण पैसे बुडाले.

ताकातले जिवाणू लॅक्टोबॅसिलस, ते माशाच्या आतड्यात थोडेफार कामाला येतात, पाण्यातल्या अमोनियाचं त्यांना काही देणंघेणं नाही. गूळ जपून, जास्त झाला की जिवाणू भराभर वाढतात आणि ऑक्सिजन ओढतात. खाद्यातून द्यायचं असेल तर खाद्यासाठीचंच पाकीट आणा, गुळाच्या पातळ पाण्यात कालवून दाण्यांना चोळा, सावलीत वाळवा, त्याच दिवशी संपवा. उन्हात टाकलं तर जिवाणू मरतील आणि फक्त गूळ लावलेलं खाद्य राहील.

प्रश्न : पुतण्या आंध्रात झिंग्याच्या तळ्यावर कामाला आहे. म्हणतो तिकडं अँटिबायोटिकऐवजी हेच वापरतात. खरंय का?

उत्तर : बऱ्याच ठिकाणी खरंय. झिंग्याला व्हिब्रिओ जिवाणूचा त्रास होतो, बॅसिलस त्याची जागा आणि खाणं बळकावतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाची औषधं आपल्याकडं मत्स्यपालनात बंद आहेत, त्यांचा अंश सापडला की परदेशातून अख्खा कंटेनर परत येतो. पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा, त्याला ना अँटिबायोटिक ना प्रोबायोटिक. तिथं उपाय एकच, बी, म्हणजे झिंग्याची पिल्लं, सोडायच्या आधी लॅबमध्ये त्यात विषाणू आहे का ते दाखवणारी पीसीआर टेस्ट. पुतण्याला विचारा, त्यांचा मालक ती करून घेतो का.