माशाच्या मेंदूतल्या पेशी चमकताना दिसतात, मग भावाच्या मेंदूची तशी तपासणी होईल का?

फिट येणाऱ्या भावाला अशा तपासणीसाठी कोल्हापुरातून पुण्या-मुंबईला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. त्यासाठी नेऊ नका. माणसासाठी ती तपासणी अजून नाही.

मी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. एका प्रशिक्षणात हे डोळ्यांनी पाहिलंय. अंधारी खोली, काळे पडदे, जेलमध्ये रुतवलेलं पाच दिवसांचं झेब्राफिशचं पिल्लू, भाताच्या शितापेक्षा लहान. पडद्यावर करडे ठिपके. एक ठिपका उजळला आणि हळूहळू विझला. अंगावर काटा आला होता.

मेंदूच्या पेशी विजेच्या इशाऱ्यांवर चालतात. पण दिसली ती वीज नव्हती, कॅल्शियम होतं. जेलीफिशमध्ये सापडलेलं हिरवं चमकणारं प्रथिन (2008चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावरच) कॅल्शियम पकडणाऱ्या प्रथिनाला जोडतात. पेशी पेटली, म्हणजे तिच्यात विजेचा इशारा उसळला, की कॅल्शियम आत शिरतं, चमक वाढते. खासबाग कुस्ती मैदानाबाहेर उभं राहून आरोळी ऐकावी तसं हे. कुणीतरी चीत झालं एवढं कळतं, डाव कुठला ते नाही. लागोपाठ दोन कुस्त्या निकाली निघाल्या तर आरोळ्या एकमेकींत मिसळतात. आणि नुसती झटापट चालली असेल तर बाहेर काहीच ऐकू येत नाही.

डाव, म्हणजे ती वीजच, बघायची तर चमकणारं प्रथिन पेशीच्या पटलातच, म्हणजे बाहेरच्या आवरणात, बसवावं लागतं. तिथला विजेचा दाब साधारण उणे 70 मिलिव्होल्ट असतो, आणि पेशी पेटताना एखाद्या मिलिसेकंदात तो सुमारे 100 मिलिव्होल्टनं उसळतो. 2014 साली आलेल्या एएसएपी-1 नावाच्या अशा प्रथिनात हा बदल ओळखणारा भाग कोंबडीच्या प्रथिनातला आहे. तो हलला की चमक बदलते. अडचण वेगाची आहे. सेकंदाला पाचशे-हजार चित्रं घ्यायची म्हणजे एकेका चित्राच्या वाट्याला प्रकाश अगदी थोडा येतो. उजेड वाढवावा तर प्रथिनाची चमकच मरते.

शिवाय या प्रथिनाचं जनुक आधी मेंदूच्या पेशींत घालावं लागतं. उंदराची तर कवटी कापून काचेची खिडकी बसवतात. हे तुमच्या भावावर कोण करणार?

त्याच्यासाठी ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद) आणि गरज पडल्यास एमआरआय, तेही मेंदूविकारतज्ज्ञ सांगतील तसं. गोळ्या मनानं बंद करू नका. फिट आली की त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मोबाइलवर सुरुवातीपासून शूटिंग करा. आधी कुठला हात झटकला, डोळे कुठं वळले, किती वेळ चाललं, हे डॉक्टरांना फार उपयोगी पडतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.