देवघरातील धूर आणि बाळंतिणीची शेगडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घर दोन खोल्यांचे असून देवघर स्वयंपाकघरातच, भिंतीला टांगलेल्या लाकडी कपाटात आहे. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन उदबत्त्या आणि गुरुवारी धूप, असा सासूबाईंचा अनेक वर्षांचा नेम आहे. त्यांना दमा आहे आणि हल्ली उदबत्ती लावली की खोकल्याची उबळ येते. शिवाय गेल्या महिन्यात कपाटाच्या फळीवर रुपयाएवढा काळा डाग पडलेला दिसला. नेम मोडू नये, पण भीतीही राहू नये, असे काही करता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन निराळे धोके एकत्र आले आहेत, एक आगीचा आणि दुसरा धुराचा. अडचण अशी की आगीच्या दृष्टीने वारा नको असतो आणि धुराच्या दृष्टीने तो हवा असतो, त्यामुळे एकाचा बंदोबस्त करताना दुसरा वाढतो. म्हणून उदबत्ती जळत असेपर्यंत छताचा पंखा बंद आणि खिडकी उघडी ठेवावी, आणि ती पूर्ण विझल्याची खात्री झाल्यावरच पंखा लावावा. ओट्यावर चिमणी किंवा भिंतीत धूर ओढणारा पंखा असेल, तर तो मात्र सुरुवातीपासून चालू असण्यास हरकत नाही.

फळीवरचा तो डाग किरकोळ समजू नका. उदबत्तीची राख सहसा पडेपर्यंत निवते, परंतु काडी मधेच मोडली किंवा सैल भोकात कलंडली की लाल टोक तसेच लाकडावर पडते आणि आत आत धुमसत राहते. उदबत्तीच्या घराची भोके काडीपेक्षा मोठी असणे हे याचे नेहमीचे कारण आहे. पितळेच्या वाटीत दोन बोटे कोरडी वाळू भरून तीत काडी सरळ रोवावी आणि ती वाटी काठ असलेल्या ताटलीत ठेवावी. वाळूऐवजी तांदूळ वापरू नयेत, कारण विस्तव पडल्यास ते स्वतःच करपतात. केळ्यात उदबत्ती खोचण्याची पद्धत घरोघरी आहे, पण पिकलेले केळे मऊ असल्याने काडीच्या वजनाने चीर रुंदावते आणि काडी हळूहळू आडवी होते. पूजेपुरती, आपण समोर बसलेले असताना, ती चालेल, एरवी नको. वरची फळी टोकापासून किमान हातभर उंच हवी. टांगलेल्या कपाटात एवढी जागा क्वचितच असते, म्हणून उदबत्ती कपाटाच्या आत न ठेवता खाली ओट्यावर, शेगडीपासून दूर ठेवणे उत्तम.

देवघरात सर्वांत लवकर पेट घेणारी वस्तू कोणती, असे विचारले तर मी कापसाचे वस्त्र असे सांगेन. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे गौरीपूजनाच्या दिवशी निरांजनावर उदबत्ती पेटवली आणि तिच्या टोकावरची ज्योत विझण्याआधीच ती ओवाळली गेली. कुंकवाचे ठिपके दिलेल्या वस्त्राला ती ज्योत निसटती लागली, आणि कोणी काही बोलेपर्यंत सबंध माळेवरून जाळ सरकत गेला. ताम्हनात पाणी होते, म्हणून ते लगेच ओतता आले. तेव्हापासून आमच्या घरी उदबत्ती देवघराबाहेर पेटवली जाते, ज्योत विझून टोक नुसते लाल झाल्यावरच ती आत येते, आणि पाण्याने भरलेला तांब्या जवळ असल्याशिवाय काडी ओढली जात नाही. वाळलेले निर्माल्य, फुलवातींचा डबा, तेलाची बाटली आणि काडेपेटी यांनाही त्याच कपाटात जागा देऊ नये.

देवघर स्वयंपाकघरात असल्याने आणखी एक सवय आवश्यक आहे. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो आणि उभ्या माणसाला त्याचा वास उशिरा येतो. सकाळी काडी ओढण्यापूर्वी वाकून सिलिंडरजवळचा वास घ्यावा. शंका आली तर काडी ओढू नये आणि विजेचे बटणही दाबू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, घराबाहेर पडावे आणि तेथून १९०६ या क्रमांकावर कळवावे.

आता धुराविषयी. उदबत्तीत बांबूच्या काडीवर कोळशाची किंवा लाकडाची भुकटी, चिकटपणासाठी जिगट आणि सुगंध यांचे लेपण असते. हे लेपण जळत नाही, धुमसते, आणि धुमसणाऱ्या पदार्थातून अर्धवट जळलेले अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन व फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतात. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सरासरी ४५ मिलिग्रॅम, तर एक ग्रॅम सिगारेट जळताना सुमारे १० मिलिग्रॅम कण सुटतात, असे मोजमापांत आढळले आहे. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत साधारण २८ घनमीटर हवा मावते. तीत एक ग्रॅम लेपण जळले आणि कण बाहेर गेलेच नाहीत असे धरले, तर दर घनमीटरला सुमारे १,६०० मायक्रोग्रॅम कण होतात. प्रत्यक्षात काही कण खाली बसतात आणि काही फटींतून निघून जातात, त्यामुळे आकडा बराच कमी असेल. तरीही आपल्याकडे बाहेरच्या हवेतील सूक्ष्म कणांसाठी चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटना तर १५ च सुचवते, हे लक्षात घेतले म्हणजे सासूबाईंच्या खोकल्याचे कारण लांब शोधावे लागत नाही. सिंगापूरमध्ये ६१ हजारांहून अधिक चिनी रहिवाशांची अनेक वर्षे नोंद ठेवून झालेल्या अभ्यासात, घरात दीर्घकाळ उदबत्ती जाळणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. अधूनमधून उदबत्ती लावणाऱ्याने या गोष्टीने घाबरून जाऊ नये, पण सकाळ-संध्याकाळ बंद खोलीत लावणाऱ्याने ती अवश्य ध्यानात घ्यावी.

सासूबाईंशी बोलताना उदबत्ती सोडा असे म्हणू नका. गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य या पाच उपचारांत धूप हा एक उपचार आहे. देवाला सुगंध अर्पण करावा एवढीच त्यात अपेक्षा आहे, घर धुराने भरावे अशी नाही. दोनऐवजी एकच उदबत्ती, तीही अर्धी मोडून लावावी, ओवाळून झाल्यावर टोक वाळूत दाबून विझवावे आणि उरलेली काडी संध्याकाळी वापरावी. धुराच्या वेळी त्या दुसऱ्या खोलीत बसल्या आणि आरतीला आल्या, तर नेमही राहील. गुरुवारचा धूप मात्र खिडकीत किंवा सज्जात करावा, कारण जाड धूपकांडीत जळणारा ऐवज उदबत्तीच्या कितीतरी पट असतो. एवढे करूनही उबळ येत राहिली, तर घरात धूर करणे पूर्ण थांबवावे आणि दम्याच्या औषधाविषयी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. बाजेखाली शेगडी ठेवून तिला शेक द्यावा आणि आंघोळीनंतर बाळाला ओवा, वेखंड व धूप यांची धुरी द्यावी, असा आमच्या घरचा रिवाज आहे. वारा लागू नये म्हणून खोली बंद ठेवतो. जावई याला विरोध करतात. आमच्या चार पिढ्या अशाच वाढल्या, मग आताच धोका कसा? (एक आजी, सातारा जिल्हा)

उत्तर : आजी, या बाबतीत जावईबापूंचे म्हणणे ऐकावे, अशी माझी आपणास कळकळीची विनंती आहे. आपल्या पिढ्या ज्या घरांत वाढल्या, त्यांना कौलांच्या फटी होत्या, दारे सैल होती, आणि बंद म्हटलेल्या खोलीतही हवा खेळत असे. आजच्या सिमेंटच्या खोलीत सरकत्या काचा घट्ट बसतात आणि तीच शेगडी तेथे घातक ठरते. तेव्हाही त्रास होत नसेल असे नाही. तान्ह्या बाळाचा दम कशाने लागला, हे कोणी शेगडीशी जोडून पाहत नसे.

धुरापेक्षाही अधिक भय निखाऱ्यांचे आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस खिडकी तरी उघडतो. लालबुंद, बिनधुराचा निखारा निर्धोक वाटतो, परंतु त्यातून कार्बन मोनॉक्साइड सतत निघत असतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि मग छाती वरखाली होत असली तरी शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे आणि विलक्षण झोप येणे ही त्याची लक्षणे आहेत. ओल्या बाळंतिणीला हे सारे थकव्यामुळे होत असेल असेच घरच्यांना वाटते, आणि बाळाला तर सांगताच येत नाही. शेगडी असलेल्या खोलीत कोणाला असे झाले, तर दोघांनाही तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, रुग्णालयात न्यावे आणि खोलीत निखारे होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे साधे यंत्र अशा वेळी चांगला आकडा दाखवून फसवते, कारण त्याला हे दोन वायू वेगळे ओळखता येत नाहीत.

आपल्या रिवाजामागे मुलीला ऊब मिळावी ही माया आहे, आणि ती ऊब निखाऱ्यांशिवायही देता येते. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहून, मुलीची कंबर व पाठ शेकावी, किंवा गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्यावी. टाक्यांच्या जागी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक देऊ नये. बाळाला धुरी अजिबात देऊ नये. त्याचे अंग नीट पुसून, टोपडे घालून आईच्या अंगाशी ठेवले की त्याला हवी तेवढी ऊब मिळते. धूप फिरवायचाच असेल, तर बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असताना, खिडक्या उघडून फिरवावा आणि धुपाटणे लगेच अंगणात न्यावे. राख झाली म्हणून विस्तव गेला असे समजू नये. राखेखाली तो कितीतरी तास जिवंत असतो, म्हणून निखारे पाण्याच्या बादलीतच टाकावेत.

प्रश्न : बांबूची काडी जाळणे अपायकारक असते म्हणून आम्ही बिनकाडीची धूपकांडी आणतो. डासांसाठी एक स्वस्त उदबत्तीही बाजारात मिळते. दोन्ही वापरण्यास हरकत नाही ना? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : बांबू न जाळण्यामागे आपल्याकडे श्रद्धेचा भाग आहे आणि तो आपण अवश्य पाळावा. आरोग्याच्या दृष्टीने मात्र बिनकाडीची कांडी निर्धोक ठरत नाही, कारण बहुतेक धूर लेपणाचा असतो आणि धुराचे प्रमाण किती वजन जळले यावर ठरते. डासांची उदबत्ती ही पूजेची वस्तू नव्हे, ते कीटकनाशक आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार अशा उत्पादनाची नोंदणी झालेली असावी लागते. वेष्टनावर नोंदणी क्रमांक आणि औषधाचे नाव नसेल, तर ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. त्यापेक्षा मच्छरदाणी चांगली.

प्रश्न : वडिलांना घरी ऑक्सिजनचे यंत्र लावले आहे. ते अंथरुणावरूनच देवाचे दर्शन घेतात. त्यांच्या खोलीत उदबत्ती किती अंतरावर ठेवावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, कापूर यांपैकी काहीही पेटवू नये. यंत्रापासून व नळीपासून किमान दहा फूट विस्तव नसावा असे सांगितले जाते, परंतु घरातील खोली मुळातच तेवढी असते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण ठिणगीचा क्षणात जाळ करतो, आणि यंत्र बंद केल्यावरही काही वेळ तो केसांत, दाढीत व पांघरुणात अडकून राहतो. पूजा बाहेर करावी आणि सहाणेवर चंदन उगाळून ते गंध वडिलांच्या कपाळाला लावावे.