खुब्याचं हाड 'कुजतं', 'झिजतं' की 'मरतं'?

विचारणा अशी: सहा वर्षांच्या मुलाला 'पर्थेस' हा खुब्याचा आजार निघालाय, रिपोर्टवर 'ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस' लिहिलंय. शाळेच्या अर्जात 'अस्थिक्षय' लिहिलं तर चालेल का?

नको. क्षय म्हणजे ऱ्हास हे खरं, पण 'अस्थिक्षय' वाचून बाई हाडाचा टीबीच समजतील. वैद्यकानंही ही गल्लत केलेली आहे! स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी 1909 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, ते खुब्याचा क्षय समजून. 1910 मध्ये बॉस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थेस यांनी आपापल्या परीनं तो वेगळा काढला.

'कुजणं'ही नको, इथे जंतू नाहीत की पू नाही. 'झिजणं' म्हातारपणच्या सांध्यांसाठी राहू द्या.

घडतं ते असं. मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत बसतो. वाढत्या वयात गोळा आणि खालचं हाड यांच्यामध्ये कूर्चेची वाढपट्टी असते, आणि खालच्या रक्तवाहिन्यांना ती ओलांडता येत नाही. उखळीकडून येणारी धमनी या वयात नावापुरतीच. त्यामुळे साधारण चार ते आठ वर्षांपर्यंत सगळी भिस्त हाडाच्या मानेला लगटून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांवर. तो पुरवठा तुटला की गोळ्यातलं हाड मरतं. का तुटतो, याचं पक्कं उत्तर वैद्यकाकडे अजून नाही.

म्हणजे 'मृत होणं' अचूकच. ग्रीक 'नेक्रोस'चा अर्थही तोच. पण मराठीत मेलेलं परतत नाही, आणि मुलांच्या खुब्यात मेलेला भाग शोषला जाऊन दोन-चार वर्षांत नवं हाड धरतं. धोका असतो तो मधल्या काळात गोळा दबून चपटा होण्याचा. उड्या बंद करतात त्या यासाठी.

मी लिहीन: 'खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होण्याचा आजार (पर्थेस)'. नुसतं 'एव्हीएन' (ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिसचं लघुरूप) लिहू नका. तो शब्द आपल्याकडे रुळलाय तो स्टिरॉइड, दारू किंवा सिकलसेलमुळे मोठ्यांना होणाऱ्या दुखण्यासाठी, आणि तिथे हाड असं सहजी भरून येत नाही. कोणी नेटवर शोधलं तर थेट सांधाबदलावर पोचेल.

आणि 'कंबर' नव्हे, 'खुबा'च लिहा. पोरगं स्वतः बहुधा 'गुडघा दुखतो' म्हणेल. खुब्याची आणि गुडघ्याची काही संवेदना एकाच मज्जातंतूतून जाते. ते वर्गशिक्षिकेला तोंडी सांगा, अर्जात नको.